तर्क कोणीं करावा?

संगणकाच्या प्रोसेसरपुढें वारंवार दोन वाटा येतात. 'अमुक असेल तर इकडे, नसेल तर तिकडे,' अशी आज्ञा असते; पण निर्णय होण्यास वेळ लागतो. तोंवर स्वस्थ न बसतां एक वाट गृहीत धरून पुढील काम उरकावें, तर्क खरा ठरल्यास तें स्वीकारावें, चुकल्यास टाकून द्यावें, ही युक्ति जुनी आहे. आय. बी. एम. कंपनीच्या १९६१ सालच्या 'स्ट्रेच' यंत्रांतही ती होती. प्रश्न एवढाच, कीं तर्क कोणीं करावा? चालत्या यंत्रानें, कीं आज्ञावलीचें यंत्रभाषेंत आगाऊ रूपांतर करणाऱ्या कंपायलरनें?

कंपायलरचा पक्ष जोसेफ फिशर यांनीं १९८१ सालीं हिरिरीनें मांडला. कंपायलरला सवड असते, सबंध आज्ञावली त्याच्यासमोर असते. मग यंत्र अवजड कां करावें? फिशर यांची मल्टिफ्लो आणि मद्रासच्या आय. आय. टी.मध्यें शिकलेले बॉब राव यांची सायड्रोम, या दोन्ही कंपन्या १९८४ सालीं निघाल्या आणि दहा वर्षांच्या आंत बंद पडल्या. दोघेही पुढें ह्यूलेट-पॅकर्डमध्यें गेले. त्याच कंपनीच्या सहकार्यानें इंटेलनें २००१ सालीं 'इटॅनियम' बाजारांत आणला. त्यांत तर्काचा पुष्कळसा भार कंपायलरवर होता.

परंतु हवी ती माहिती जवळच्या स्मृतिकोठारांत सांपडेल कीं दूरच्या, हें कंपायलरला आधीं कसें कळावें? तें चालत्या यंत्रालाच कळतें. १९९५ सालचा 'पेंटियम प्रो' प्रत्येक फांटा मागें कोणीकडे वळला याची नोंद ठेवी, आणि तर्क पक्का होईपर्यंत उत्तरें बाजूस राखी. जुन्या आज्ञावल्याही त्यावर तशाच चालत. बाजारानें हाच मार्ग उचलला. २०२१ सालीं इटॅनियमची विक्री थांबली.

येथें वाद मिटला असें वाटलें असतें. पण जानेवारी २०१८ मध्यें 'स्पेक्टर' व 'मेल्टडाउन' हे दोष जगजाहीर झाले. यंत्र चुकलेलें काम टाकून देई खरें, परंतु त्याच्या खुणा स्मृतिकोठारांत मागें राहत. त्या खुणांवरून परक्याला आपलीं गुपितें ताडतां येत. कंपायलरचा तर्क आज्ञावलींत उघड लिहिलेला असतो. यंत्राचा तर्क त्याच्या पोटांत दडलेला असतो. आणि गंमत अशी, कीं काही उपायांसाठीं कंपायलरचेंच साह्य घ्यावें लागलें. तर्काचे बंधारे आज्ञावलींत घालण्याचें काम त्याच्याकडे आलें.

वेगाच्या शर्यतींत यंत्र जिंकलें. पण टाकून दिलेल्या कामाचाही हिशेब ठेवावा लागतो, हा धडा उशिरां मिळाला.