पुठ्ठ्याचा केक
लग्नखर्चाची यादी म्हटली की आपल्याकडे आधी सोने, मग जेवणावळ. इंग्लंडात मात्र जीव अडकतो केकात! १९४० च्या जानेवारीत तेथे साखरेवर रेशन आले. पुढे बहुतेक युद्धकाळ माणशी आठवड्याला अर्धा रत्तल. त्याच वर्षी केकवर साखरेचा लेप चढविण्यासही बंदी झाली. मग बेकरीवाले पुठ्ठ्याचे पांढरेशुभ्र, मजलेदार केक भाड्याने देऊ लागले. फोटोपुरता तो डौल. आत एवढासा साधा केक, तोही पुष्कळदा नातलग-शेजारणींनी चहातली साखर वाचवून जमविलेला. मला कौतुक त्या शेजारणींचे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथच्या नऊ फुटी केकालाही सामग्री आली ती ऑस्ट्रेलियाच्या गर्ल गाइड्सकडून. साखर मोकळी व्हायला १९५३ उजाडले.