कोजागिरी : व्युत्पत्ती आणि उत्पत्ती

आश्विन पौर्णिमेला नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगगडावर कावडधारक नद्यांचे पाणी घेऊन देवीच्या अभिषेकासाठी येतात. त्याच दिवशी तृतीयपंथीयांचा छबिना निघतो. कोजागिरीच्या रूढ व्रतकथेत या दोहोंना स्थान नाही. मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति' असे विचारीत हिंडते व जागणाऱ्यास धन देते, एवढेच ती सांगते. तरीही सणाचा उगम सांगताना अभ्यासक बहुधा या प्रश्नापाशीच थांबतात. नावाची व्युत्पत्ती हीच आचाराची उत्पत्ती, असे येथे गृहीत धरलेले असते.

संस्कृत ग्रंथांचीच साक्ष काढली तरी हे गृहीतक टिकत नाही. आश्वलायन गृह्यसूत्रात या पौर्णिमेचे आश्वयुजी कर्म येते. त्यात तूपमिश्रित पृषातकाची आहुती आहे आणि त्याला लागूनच नव्या धान्याचे आग्रयण सांगितले आहे. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त कौमुदीजागर हा नागरकांचा उत्सव होतो. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त कौमुदीमहोत्सवाची मनाई चाणक्य-चंद्रगुप्तांच्या कृतक कलहाचे निमित्त ठरते. म्हणजे शेतातला विधी, नगरातला विलास आणि घरातले धनव्रत असे तीन अर्थ एकाच चंद्राखाली नांदतात.

यांपैकी पहिला अर्थ ग्रंथांपेक्षा आचाराने अधिक जपला. कोकणात ही नवान्न पौर्णिमा असून नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधल्या जातात. खानदेश-विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेला बसलेल्या भुलाबाईला याच दिवशी निरोप दिला जातो. तिचा मखर ज्वारीच्या धांड्यांचा असतो, आणि मुलींच्या गाण्यांत धनाची याचना नसून सासर-माहेराची व्यथा असते.

चीनमधील मध्य-शरद उत्सवाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तो चिनी आठव्या महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे बहुधा भाद्रपदी पौर्णिमेला, येतो. २०२५ मध्ये मात्र दोन्ही सण ६ ऑक्टोबरलाच आले. तेथेही सुगी, चंद्रपूजा आणि कुटुंबाचे एकत्र येणे हा गाभा आहे. अमरत्वाचे औषध पिऊन चंद्रावर गेलेल्या छांग-अची कथा त्याला जोडली गेली. चंद्रपोळ्यांत संदेश दडवून मंगोल सत्तेविरुद्ध उठाव झाला, ही आख्यायिका तर बऱ्याच नंतरची आहे. चंद्रावरचा ससा चीनला जसा ठाऊक आहे, तसा 'शशांक' या शब्दातून आपल्यालाही. पण समान प्रतिमेवरून समान उगम सिद्ध होत नाही. दोन्हीकडे आचार टिकतो आणि प्रत्येक काळ त्याला आपली कथा देतो, इतकेच म्हणता येते.

हे मान्य केल्यास व्रतकथेला मूळ संहिता आणि भुलाबाईच्या गाण्यांना 'लोकसाहित्या'चे परिशिष्ट मानणारी वाङ्मयेतिहासाची मांडणी बदलावी लागेल. अन्यथा 'कोण जागे आहे' या प्रश्नाला ज्यांनी रात्रभर गाऊन उत्तर दिले, त्यांचीच नोंद या इतिहासात होणार नाही.