कुलाब्याचें सूर्ययंत्र आणि पवईचा सौरघट



सूर्याच्या उन्हापासून शक्ति मिळविण्याची गोष्ट निघाली म्हणजे आपली दृष्टि प्रथम परदेशाकडे वळते. परंतु ह्या विद्येच्या इतिहासांतील एक जुनें पान आपल्या मुंबईंतच लिहिलें गेलें आहे, आणि एक नवें पान तेथेंच सध्यां लिहिलें जात आहे. हीं दोन पानें शेजारीं ठेवून वाचावीं, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु.

विल्यम ॲडम्स हे मुंबईच्या हायकोर्टांत डेप्युटी रजिस्ट्रार होते. इंधनाला पैसा पडतो आणि ऊन मात्र फुकट वायां जातें, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. त्यांनीं आरशांच्या साह्यानें उन्हाची चूल केली. तिच्यावर जानेवारी महिन्यांत सात शिपायांचें जेवण दोन तासांत शिजलें. पुढें मध्य कुलाब्यांतील आपल्या बंगल्याच्या आवारांत त्यांनीं सपाट आरशांची मोठी मांडणी उभारली, तिचें ऊन एका बाष्पपात्रावर एकवटलें, आणि अडीच अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र चालवून दाखविलें. हा वृत्तान्त १८७८ सालीं मुंबईंतच पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. प्रयोग सिद्ध झाला. प्रसार मात्र झाला नाहीं. कोळशाच्या युगापुढें त्या आरशांचा टिकाव लागला नाहीं.

ॲडम्स ह्यांनीं उन्हांतील उष्णता वापरली. उजेडापासून सरळ वीज काढण्याची वाट निराळी. ती वाट १८३९ सालीं फ्रान्समध्यें बेकेरेल ह्या तरुण शास्त्रज्ञाला प्रथम दिसली. १८८३ च्या सुमारास अमेरिकेंत फ्रिट्स ह्यानें सेलेनियमचा घट केला. त्यांत शंभर भाग उजेडापैकीं जेमतेम एका भागाची वीज होई. १९५४ सालीं बेल प्रयोगशाळेंतील चॅपिन, फुलर व पिअर्सन ह्या त्रयीनें सिलिकॉनचा घट करून हें प्रमाण सहावर नेलें. आज गच्च्यांवर दिसणाऱ्या चांगल्या फलकांत तें वीस-बावीसपर्यंत आलें आहे.

परंतु सिलिकॉनला निसर्गानेंच एक मर्यादा घातलेली आहे. निळ्या-जांभळ्या किरणांत जी जास्त शक्ति असते ती त्यांत वीज न होतां उष्णतेंत जाते. त्यामुळें कितीही कौशल्य लावलें तरी सिलिकॉनचा एकटा घट सुमारें २९ टक्क्यांच्या पुढें जाऊं शकत नाहीं. ह्यावर उपाय म्हणजे दोन थर एकावर एक ठेवणें: वरचा थर निळे-हिरवे किरण टिपतो, आणि तांबडे व त्यापलीकडचे अदृश्य किरण खालच्या सिलिकॉनसाठीं सोडून देतो. वरच्या थराला योग्य असा पदार्थ म्हणजे पेरोव्हस्काईट. त्याचा पहिला घट जपानांत २००९ सालीं झाला.

पवईच्या आयआयटींत २०१० सालीं सौरघटांच्या संशोधनासाठीं राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें. तेथें प्राध्यापक दिनेश काब्रा व त्यांचे सहकारी ह्यांनीं असा जोडघट तयार केला, आणि २०२५ सालीं तो ३० टक्क्यांच्या जवळ पोहोंचल्याचें प्रसिद्ध झालें.

येथें ॲडम्स ह्यांची आठवण होते. वर्गांतील एका मुलाला गणित सुटलें म्हणजे सारा वर्ग शिकला असें होत नाहीं, हें मीं शिक्षक म्हणून जन्मभर पाहिलें आहे. घटाचेंही तसेंच आहे. प्रयोगशाळेंत काचेच्या लहानशा तुकड्यावर द्रावणाचा थेंब टाकून तो वेगानें फिरविला कीं एकसारखा पातळ थर बसतो. पण दाराएवढ्या फलकावर तसा थर देतांना कोठें तो जाड होतो, कोठें त्याला सूक्ष्म छिद्रें पडतात. शिवाय पेरोव्हस्काईटला दमट हवा सोसत नाहीं, आणि त्यांत शिसें असल्यानें फलक फुटूं न देण्याचीही काळजी घ्यावी लागते. सिलिकॉनचा फलक पंचवीस वर्षें चालतो. नव्या घटाला त्याच्या पंक्तीस बसावयाचें तर तितकेच पावसाळे काढून दाखविले पाहिजेत.

मी वसईच्या एव्हरशाईन सिटींत राहतों. आमच्या इमारतीची गच्ची एक, बिऱ्हाडें पुष्कळ. भर दुपारच्या स्वच्छ उन्हांत एका चौरस मीटरवर सुमारें १००० वॅट शक्ति पडते. २० टक्क्यांच्या फलकानें त्यांतले २०० वॅट हातीं येतील, ३० टक्क्यांच्या फलकानें ३००. म्हणजे ज्या जागेंत आज दोन बिऱ्हाडांचें काम भागतें, तेथें तिघांचें भागेल. ज्याला विस्तीर्ण माळ आहे त्याला ह्या दहा टक्क्यांची मातबरी नसेल; गच्चीच्या वांटेकऱ्यांना आहे.

म्हणून पवईच्या आंकड्याचें कौतुक करतांना आपण एक प्रश्न विचारीत राहिलें पाहिजे: हा घट आमच्या खाऱ्या, ओल्या हवेंत किती वर्षें टिकेल, आणि कोणत्या किंमतीस मिळेल? कुलाब्याचें यंत्र पाहावयास लोक आले, पाहून घरीं गेले. पवईचा घट लोकांच्या घरीं गेला, तरच दुसरें पान पहिल्याहून निराळें ठरेल.