आडनाव नसलेले रावबहादूर

मंडळी, व्हीटी कोणी बांधलं असं विचारलं तर हल्ली शाळकरी पोरंसुद्धा उत्तर देतात, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स! (मी व्हीटीच म्हणते हं. १९९६ साली नाव बदललं, २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्दही आला, पण ठाण्याहून उभं आयुष्य लोकलने गेलेल्या आमच्या पिढीच्या जिभेचं वळण काही जात नाही.) उत्तर बरोबरच आहे. पण मी शिक्षिका होते ना, बरोबर उत्तराला पूर्ण मार्क देताना माझा हात जरा थांबतो.

हे स्टीव्हन्ससाहेब सरकारी माणूस. जन्म १८४७ चा, इंग्लंडातल्या बाथ गावचा. तिथेच चार्ल्स डेव्हिस नावाच्या वास्तुविशारदाकडे उमेदवारी केली. १८६७ साली परीक्षा देऊन आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले. आधी पुणे, मग मुंबई. १८७७ मध्ये सरकारने त्यांना जीआयपी रेल्वेकडे उसनं दिलं आणि १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं व्हीटीचं काम चाललं. १८५३ साली ठाण्याला आलेली पहिली गाडी जिथून सुटली, त्याच बोरीबंदरावर. पुढे १८८४ साली साहेबांनी सरकारी नोकरी सोडली, महापालिकेची इमारत बांधली, आणि १९०० साली मुंबईतच वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. मुलगा चार्ल्स वडिलांच्याच धंद्यात होता. कुलाब्याचं १९३३ सालचं रिगल थिएटर त्याचं. बाप व्हीटीवाला, लेक रिगलवाला!

हे सगळं आपल्याला घरबसल्या कळतं ते कशामुळे? तर नोंदींमुळे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये झालेले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला त्या काळी दर वर्षी लंडनला जात. त्या आजही तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. कारकून असो की कलेक्टर, गोऱ्या माणसाचं पोर इथे जन्मलं की त्याची ओळ सातासमुद्रापार जाऊन बसायची. त्यामुळे दीडशे वर्षांनी एखादी पणती तिकडे पणजोबा शोधायला बसली, तर बाप्तिस्म्यावरून आईबाप, लग्नावरून सासर, थडग्यावरून वय असा माग काढत जाते.

आता आपल्या बाजूला येऊ. व्हीटीच्या कामावर स्टीव्हन्ससाहेबांच्या हाताखाली असिस्टंट इंजिनीअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. सुपरवायझर म्हणून एका जनार्दन नावाच्या गृहस्थांचा उल्लेख येतो. त्यांचं नाव कुठे एक तर कुठे दुसरंच छापलेलं! इमारतीवरचं कितीतरी कोरीवकाम जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. ते विद्यार्थी कोण, कुठल्या गावचे?

दुसरं उदाहरण राजाबाई टॉवरचं. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं, १८७८ साली काम पुरं. टॉवरच्या वरच्या अंगाला पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या मूर्ती आहेत. त्यांचे नमुने तयार केले असिस्टंट इंजिनीअर रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. मुकुंद रामचंद्र... पुढे काय? पुढे काहीच नाही. आडनावच नाही.

इथेच खरी मेख आहे. साहेबाच्या कागदात माणूस आडनावाने ओळखला जातो. आपल्याकडे स्वतःचं नाव आणि बापाचं नाव सांगितलं की ओळख पुरी होई, आणि सरकारी याद्यांत तेवढंच उतरे. म्हणजे मुकुंदरावांच्या वडिलांचं नाव रामचंद्र, हे न शोधता हाती येतं. एक पिढी फुकट मिळते आणि तिथेच भिंत लागते. रामचंद्राचा मुकुंद पुण्यात किती, ठाण्यात किती! माग काढायला गॅझेट आहे, खात्याच्या नोकरयाद्या आहेत. पुण्याचं इंजिनीअरिंग कॉलेज १८५४ साली निघालं ते मुळी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं मिळावीत म्हणूनच. पण या कागदांतून नोकरी कळते. मुकुंदरावांच्या बायकोचं नाव, मुलं किती, घर कुठल्या आळीत, हे त्यांत कशाला असेल?

याला एक छान अपवाद आहे, खान बहादूर मंचेरजी कावसजी मर्झबान. तेही सरकारी इंजिनीअर. एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत त्यांनी उभी केली, जिच्यात पुढे राज्याचं पुराभिलेखागार कितीतरी वर्षं नांदलं. व्हीटीजवळ त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्यांचं चरित्र १९१५ साली त्यांच्याच मुलाने लिहून छापलं. घरातल्या माणसाने लिहिलं म्हणून घर टिकलं. यात साहेबाची मेहेरबानी नाही आणि नशीबही नाही.

आपल्याकडे नोंदी नव्हत्याच असं मात्र नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, हे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. काही घराण्यांचे कुलवृत्तांत आहेत (त्यांत लेकीसुना बहुधा एका ओळीत आटोपलेल्या!). आणि शाळेचं जनरल रजिस्टर. मी नोकरीत असताना ते भरायचे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख. तेव्हा ते रुक्ष काम वाटायचं. २०२३ साली राज्यभर कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि अशाच जुन्या रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला! पणजोबाच्या नावापुढच्या एका शब्दावर पणतवाचा दाखला अडतो किंवा सुटतो. कुठल्याशा मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी दौतीत टाक बुडवून लिहिलेला तो शब्द.

आमच्या घोडबंदर रोडवर जिथे पाहावं तिथे टॉवर उभे राहताहेत. प्रत्येक कामाबाहेर फलक असतो. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, महारेराचा नंबर. पण उन्हात उभा राहून स्लॅब टाकून घेणाऱ्या सुपरवायझरचं नाव काही मला त्यावर दिसलेलं नाही. दीडशे वर्षांत एवढं बदललं, हे तसंच राहिलं.

असो. घरच्या मंडळींना एकच विनंती. फोटोंची बाडं पोटमाळ्यावर टाकण्याआधी मागे पेन्सिलीने नावं लिहा. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, गाव. आणि आईचं, तिच्या माहेरच्या नावासकट. आपल्यातलं कोणी रावबहादूर नाही, म्हणून गॅझेटात काही सापडायचं नाही. आपलं आपणच लिहून ठेवायला हवं. तुमच्या घरात अशी जुनी वही किंवा कागद असेल तर जरूर कळवा. मोडीत असला तरी चालेल, आपण वाचून घेऊ.