पेशी : मानवी व इतर सजीवांतील (तुलना)

सजीवाच्या रचनेचे आणि कार्याचे सर्वांत लहान एकक म्हणजे पेशी (कोशिका). प्रौढ माणसाच्या शरीरात सु. ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्याच शरीरात वस्तीला असलेल्या जीवाणूंची संख्याही जवळपास तेवढीच भरते. मानवी पेशी आणि इतर सजीवांच्या पेशी यांत साम्य फार आहे, भेद मोजके आहेत; परंतु कित्येक औषधे त्या मोजक्या भेदांवरच उभी आहेत. बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वस्ती या तुलनेसाठी बोलकी आहे. ती वसली एका जीवाणूमुळे, आणि तिची जत्रा भरते ती एका वनस्पतीच्या शेंगांची. म्हणून पुढील मुख्य उदाहरणे तेथून घेतली आहेत.

समान वारसा : सर्व पेशींभोवती मेदाचे पातळ पटल असते, आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये साठवलेली असते, प्रथिने रायबोसोमांवर तयार होतात आणि ऊर्जेचा व्यवहार एटीपी या रेणूमार्फत चालतो. डीएनएची लिपीही जवळजवळ सर्वत्र एकच आहे. मानवी इन्सुलिनची माहिती १९७८ मध्ये जीवाणूत घातली, तेव्हा त्या जीवाणूने ती वाचून इन्सुलिन बनवले. मधुमेहींना आज मिळणाऱ्या इन्सुलिनमागे हे साम्य आहे.

जीवाणू : ऑगस्ट १८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेग शिरला. त्याआधी १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात त्याने थैमान घातले होते. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी त्यातच अंत झाला. दाट पेठांतून लोकांना बाहेर काढण्यासाठी बेंगळुरूत रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या दोन नव्या वसाहती आखल्या गेल्या. त्यांपैकी एक मल्लेश्वरम आणि दुसरी बसवनगुडी. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच कराचीत दाखवून दिले.

प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. त्याची लांबी १ ते ३ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या ७-८ मायक्रोमीटर रुंद लाल रक्तपेशीच्या निम्म्याहूनही कमी. तो आदिकेंद्रकी आहे : त्याला केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, डीएनए वर्तुळाकार असून त्यात सु. ४६ लाख आधार-जोड्या आहेत. मानवी पेशी दृश्यकेंद्रकी असते. तिच्यातील सु. ३१० कोटी आधार-जोड्या २३ गुणसूत्रांवर मांडलेल्या असून बहुतेक पेशींत त्यांचे दोन संच, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. एवढासा जीवाणू सुईसारख्या रचनेने आपल्या भक्षक पेशींत प्रथिने टोचतो आणि त्यांची गिळण्याची क्रिया बंद पाडतो.

वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत उष्णतेने मारलेल्या जीवाणूंपासून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मेलेल्या जीवाणूचे पृष्ठभागही मानवी पेशींना परके म्हणून ओळखता येतात, हे तिचे तत्त्व. पुढे १९४३ मध्ये सापडलेले स्ट्रेप्टोमायसीन प्लेगवर गुणकारी ठरले. ते जीवाणूच्या ७०-एस रायबोसोमला अडवते. मानवी पेशीद्रव्यातील रायबोसोम ८०-एस, म्हणजे आकाराने मोठे व घडणीने निराळे असल्याने त्यांचे काम चालू राहते.

वनस्पती : कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णाच्या (मोठ्या नंदीच्या) देवळापाशी कडलेकायी परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. आसपासचे शेतकरी पहिल्या शेंगा नंदीला वाहतात. भुईमुगाची पेशी मानवी पेशीप्रमाणेच दृश्यकेंद्रकी आहे. तिच्यात ४० गुणसूत्रे असून एका संचातील डीएनए सु. २७० कोटी आधार-जोड्यांचा, मानवाच्या बराच जवळ जाणारा आहे. फरक असा, की तिच्याभोवती सेल्युलोजची ताठ भित्ती असते, आत मोठी रिक्तिका असते आणि पानांच्या पेशींत हरितलवके असल्याने ती सूर्यप्रकाशावर अन्न बनवते. दाण्याच्या पेशींत तेल सूक्ष्म थेंबांत साठते. माणसाच्या मेदपेशीत चरबीचा बहुधा एकच मोठा थेंब असतो.

भुईमूग उपटला, की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यांतील पेशींत जीवाणू राहतात व हवेतील नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. ताजी गाठ कापल्यास आत गुलाबी दिसते, कारण तेथे ऑक्सिजन बांधून ठेवणारे हीमोग्लोबिन असते. ते आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनच्याच कुळातले आहे.

कवक व प्राणी : कवकांच्या पेशीला भित्ती असते, पण ती कायटिनयुक्त, साठवण मात्र प्राण्यांप्रमाणे ग्लायकोजेनची. वंशावळीत कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. पेशीविभाजनाचे नियंत्रण करणारे मानवी जनुक किण्वाच्या सदोष पेशीत घातले असता ती पुन्हा विभागू लागते, हे १९८७ मध्ये पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. उंदीर, बैल आणि माणूस यांच्या पेशींचा आराखडा तर एकच आहे. सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसते; कोंबडी, बेडूक व मासे यांच्यात ते असते.

भेदाची मर्यादा : मानवी पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका या फार पूर्वी पेशीत स्थिरावलेल्या जीवाणूंच्या वंशज आहेत, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये पुराव्यानिशी मांडला व तो आता सर्वमान्य आहे. तंतुकणिकांना स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आणि जीवाणूसदृश रायबोसोम असतात. त्यामुळेच काही कुटुंबांत, तंतुकणिकेच्या डीएनएतील एका आनुवंशिक बदलापायी, स्ट्रेप्टोमायसीनने कायमचा बहिरेपणा येतो. हा बदल आईकडूनच मुलांकडे जातो. म्हणून असे औषध देण्यापूर्वी आईच्या बाजूच्या नातलगांत कोणाला त्याने बहिरेपण आले होते का, हे विचारणे अगत्याचे असते. जीवाणूला मारणारे औषध आपल्याच पेशीत त्याचा जुना नातलग गाठते.