फोर्टमधील ‘वंडरवॉल’ : एका बीटलच्या पहिल्या अल्बमची मुंबई

१९९५ साली ओएसिस या इंग्लिश बँडचे ‘वंडरवॉल’ हे गीत जगभर गाजले. गिटार हाती धरणारा बहुधा प्रत्येक जण ते एकदा तरी वाजवून पाहतो. त्या गीताला नाव मिळाले ते १९६८ सालच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमवरून. त्या अल्बममधील भारतीय संगीत मुंबईत, फोर्टमधील फिरोजशाह मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले होते. आजचा धागा त्याविषयी.

बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी प्रथम मुंबईत राहिला होता. पुढच्या वर्षी ज्यो मॅसट या दिग्दर्शकाने त्याला ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत करण्याची विनंती केली. भिंतीच्या भोकातून शेजारचे रंगीबेरंगी जग न्याहाळणाऱ्या एका एकाकी प्राध्यापकाची ही कथा. चित्रपटात संवाद अगदी तुरळक, त्यामुळे संगीताला मोकळे रान होते. ‘तू जे देशील ते वापरीन,’ असे मॅसटने त्याला सांगून टाकले. हॅरिसनने स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक प्रसंग मोजला आणि तेवढ्याच लांबीचे तुकडे रचायचे ठरवले. पाश्चात्त्य वळणाचे तुकडे लंडनमध्ये झाले. भारतीय तुकड्यांसाठी तो जानेवारी १९६८ मध्ये मुंबईस आला.

येथवरची कथा सर्वत्र वाचायला मिळते. पुढची त्याहून रोचक आहे.

मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्यासाठी दोन ट्रॅकचे यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. (हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले.) लंडनच्या ॲबी रोडवर ज्याला चार ट्रॅकही अपुरे पडत, त्याला येथे दोनांत भागवावे लागले. म्हणजे वादकांनी एकत्र बसायचे आणि एका दमात वाजवायचे. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यात स्टुडिओ होता कचेऱ्यांच्या वर आणि ध्वनिरोधक व्यवस्था जवळजवळ नाहीच. हॅरिसनने नंतर सांगितले आहे की साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की काम थांबवावे लागे, कारण जिना उतरणाऱ्यांच्या पावलांचा आवाज ध्वनिमुद्रणात येई. लोकल गाठायला निघालेल्या चाकरमान्यांनी एका बीटलला रोज गप्प बसवले, हे चित्र मला फार आवडते.

आता वादकांकडे वळू. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र, तारशहनाईवर विनायक व्होरा, बासरीवर एस. आर. केंकरे, सनईवर शरद कुमार आणि हनुमान जाधव, सतारीवर शंभू दास यांच्यासह तिघे. शिवकुमार त्याच महिन्यात तीस वर्षांचे झाले. हॅरिसन अवघा चोवीस वर्षांचा होता. शिवकुमारांचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ एचएमव्हीनेच आदल्या वर्षी काढला होता. त्याचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक. भावगीताचे घराणे आणि बीटल्स यांच्यात इतके थोडे अंतर होते.

अल्बमचा पहिलाच तुकडा सनईचा आहे. आम्हा देवणीकडच्यांच्या कानाला सनई म्हणजे लग्नाचा मांडव. तीच सनई येथे कमालीची उदास होते.

एक आक्षेप मात्र घ्यावासा वाटतो. तासभर राग फुलवणाऱ्या कलावंतांना येथे दोन-तीन मिनिटांत आटोपावे लागते आणि काही तुकडे रंगू लागताच संपतात. स्टॉपवॉचचा हा दोष आहे. तरी त्यांपैकी काहींना चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाची सवय होती, म्हणूनच ते इतक्या थोड्या अवकाशातही नेमके बोलतात.

त्याच दिवसांत हॅरिसनने वादकांकडून एक जादा चाल वाजवून घेतली. त्यांत बासरीवर हरिप्रसाद चौरसिया होते. फेब्रुवारीत लंडनमध्ये त्यावर गायन चढले आणि ‘द इनर लाइट’ हे गीत तयार झाले. १५ मार्च १९६८ रोजी ते ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूवर आले. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना, आणि युरोपबाहेरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले बीटल्सचे एकमेव गीत. ती ध्वनिमुद्रिका घरोघरी गेली. परंतु तिच्यावर मुंबईच्या एकाही वादकाचे नाव नव्हते.

अल्बमच्या वेष्टनावर मात्र ती छापली होती. आपल्याकडे चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर साथीदारांची नावे सहसा नसत, हे ध्यानात घेतले तर याचे मोल कळते. म्हणूनच या अल्बमला केवळ ‘हॅरिसनचा एकल अल्बम’ म्हणणे मला अपुरे वाटते.

१ नोव्हेंबर १९६८ रोजी तो प्रसिद्ध झाला. एखाद्या बीटलचा हा पहिला स्वतंत्र अल्बम आणि ॲपल रेकॉर्ड्सची पहिली एलपी. तीनच आठवड्यांनी बीटल्सचा ‘व्हाइट अल्बम’ आला आणि साऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. हॅरिसन आणि भारतीय वादकांचे नाते मात्र टिकले. १९७४ मध्ये त्याने युरोपात रविशंकरांच्या संगीत महोत्सवाचे आयोजन केले, तेव्हा मंचावर शिवकुमार आणि हरिप्रसाद दोघेही होते.

ऐकायचा असेल तर रात्री, हेडफोन लावून ऐका. हॅरिसनच्या म्हणण्याप्रमाणे, कान देऊन ऐकल्यास काही भारतीय तुकड्यांमागे रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सी ऐकू येतात. १९६८ च्या जानेवारीतल्या, फोर्टमधल्या.