घोडकाठचे तांबे

आमच्या घरात शिरूरला अजून 'घोडनदी'च म्हणतात. याच तालुक्यात घोडच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे आणि नगर रस्त्याला रांजणगावची औद्योगिक वसाहत. पहिल्याचे नाव प्राचीन इतिहासाच्या पुस्तकांत येते, दुसऱ्याचे नोकरीच्या जाहिरातींत. या दोहोंना एका लेखात आणते आहे ती एका धातूच्या आधाराने.

आपला दख्खन लाव्हारसाचा. काळ्या बेसॉल्टात गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी हवी तेवढी मिळते. वितळवून काढण्याजोगे तांबे मिळत नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगावचे पांढरीचे टेकाड खणले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या त्या कामातून इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. इनामगाव म्हटले की रांजणांतली दफने आणि प्रमुखाचे पाच खोल्यांचे घर यांचीच चर्चा होते. मला मात्र वस्तीच्या पश्चिम कडेची कारागिरांची घरे जास्त ओढतात: कुंभार, सोनार, मणी घडवणारा. गावाच्या मध्यभागी संपन्न शेतकरी, कारागीर कडेला. ही मांडणी ओळखीची वाटते.

या लोकांची रोजची पाती कॅल्सेडनीची. दगड नदीच्या वाळूत फुकट मिळायचा, पाते बोथट झाले की दुसरे काढायचे. तांबे बाहेरून यायचे, म्हणून ते मणी, बांगडी, गळ अशा मोजक्या वस्तूंपुरते वापरले जाई. आणि तांब्याचा एक स्वभाव आहे: थंडच ठोकत राहिले तर ते कडक होत जाते आणि शेवटी तडकते, तापवले की पुन्हा मऊ होते. घोडच्याच काठी वरच्या अंगाला असलेल्या चांडोलीत तांब्याचे मणी सापडले, त्यांत जवसाच्या खोडाचा धागा शिल्लक होता. तांब्याच्या क्षारांमुळे तो कुजला नाही. ज्याने मणी घडवले त्याचे नाव गेले, ओवणाऱ्याचा दोरा मात्र राहिला!

मधला काळ भरभर ओलांडते. सह्याद्रीत महाबळेश्वराकडे धावड लोक जांभ्या दगडातून लोखंड काढत. पुढे स्वस्त विलायती लोखंड आले, रानावर निर्बंध आले आणि भट्ट्या विझल्या. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंडला जंक्शनपण आले. घोड भीमेला मिळते, दौंड भीमेच्याच काठी. पण इथे धातू आता नदीच्या वाटेने येत नव्हता, रुळांवरून येत होता, रूळ होऊनही येत होता.

आज रांजणगावात बेल्जियमच्या बेकार्ट कंपनीचा कारखाना आहे. १८८० मध्ये काटेरी तारेपासून सुरू झालेली ही कंपनी इथे टायरमध्ये घालायचा पोलादी दोर बनवते. या धंद्यातली प्रक्रिया थोडक्यात अशी: साडेपाच मिलिमीटर जाडीची पोलादी सळी एकामागून एक डायमधून ओढतात, सोनार जंतरातून तार ओढतो तशीच. ओढता ओढता पोलाद कडक होते, पुढे तुटू लागते. मग तार तांबडी-पिवळी होईपर्यंत तापवून, परंपरेने वितळलेल्या शिशात, साडेपाचशे अंशांच्या आसपास निववतात आणि पुन्हा ओढतात. ठोकले की कडक, तापवले की वश: मणी घडवणाऱ्याला माहीत असलेलेच हे गणित, फक्त अंश मोजून केलेले. शेवटी तार ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते.

आणि इथे तांबे परत येते. पोलादाला रबर चिकटत नाही. म्हणून तारेवर पितळेचा मुलामा चढवतात, त्यात साधारण दोन तृतीयांश तांबे. टायर भट्टीत शिजतो तेव्हा रबरातला गंधक या तांब्याशी जोडला जातो, आणि रबर-पोलादाची गाठ बसते. मुलाम्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम पाव. ट्रकभर ऊस ज्या चाकांवर कारखान्याला जातो त्यांची पकड एवढ्याशा तांब्यावर आहे.

पण इनामगावात तुटलेला तांब्याचा तुकडा पुन्हा वितळवता येत होता. जुन्या टायरच्या तारेतले तांबे मात्र कोणी परत काढत नाही. पोलादाच्या भंगारात ते मिसळले तर पोलाद तापवून लाटताना चिरते, म्हणून भट्टीवाल्यांना ते नकोच असते. ज्या धातूसाठी या खोऱ्यातल्या माणसांनी दूरवर देवघेव केली, तो आज भंगारातला मळ ठरतो. याला प्रगती म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

गेल्या उन्हाळ्यात दौंडला आजोळी गेले होते. रस्त्याकडेला एका घिसाडी कुटुंबाने पाल टाकले होते. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून काका विळे घडवत होते, मावशी घण मारत होत्या. धार निघाली की काका विळ्याला पाणी पाजत. रंगाकडे बघून, न बोलता. मी पिशवीतून जळलेल्या टायरची गुंतलेली तार काढून पुढे केली.

"मावशी, ह्याचं काही होईल का?"

त्यांनी ती हातात घेतली, दोन बोटांत चोळली, पालाच्या कोपऱ्याकडे पाहिले. "ह्याचं काय व्हनार ताई? इस्तवात धरलं की जळून जाईल. कोळश्याचे पैसेबी निघायचे न्हाईत."

तरी तार परत दिली नाही. पालाचा दोर तुटला होता, तिथे तिने ती दुहेरी गुंडाळून पक्की बांधली.